वाऱ्याक वाट

सकाळपासून शिशाच्या सात गोळ्या ओतल्या. सातही एका बाजूला पोकळ. पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या मासेमारीच्या जाळ्याच्या, शिशाचा जुना साचा मी कानशीने मोठा केला होता. माप बरोबर, तरी तेच.

शेजारचे आबा पडवीत आले. साच्याच्या दोन्ही फाळी उजेडात धरून म्हणाले, "शिसा जातला खय? आतलो वारो भायर येवक वाट ठेवलंस काय?"

जोडावर पात्याने केसाएवढ्या दोन चरी मारल्या. साचा आधी नीट तापवून घेतला, कारण थेंबभर ओल राहिली तरी वाफेने शिसं अंगावर उडतं, आणि ते वितळतंच ३२७ अंशांना.

आठवी गोळी भरीव निघाली. आबांनी ती तळहातावर बराच वेळ तोलली.

आता मालवणात पाग तयारच मिळतो. आबांना हे असलं काही शेवटचं कोणी, कधी विचारलं असेल?