घंटी वाजली पण...

काल परत आम्ही दोघं रात्री नदीवर गळ टाकून बसलो. मित्र म्हणतो तू बडबडतोस म्हणून मासे पळतात, आता खरं सांगायचं तर आपल्या बोलण्याचा आवाज पाण्यात फारसा शिरतच नाही, काठावर पाय आपटले की मात्र त्यांना लगेच कळतं, आणि पाय आपटत फिरत होतं कोण, तर हाच! रात्री कॅटफिश बाहेर पडतात, त्यांना दिसायची फार गरज नसते, मिशांनीच चव घेत तळाशी खाणं शोधतात, म्हणून जाडजूड गांडूळ लावायचं आणि दोरीला शिसं बांधून थेट तळाला सोडायचं. रॉडच्या टोकाला छोटी घंटी.

अकराच्या सुमारास वाजली. टिंग. मग गप्प. मग रॉड वाकलाच! मी रीळ फिरवतोय, हाताला जड लागतंय, हा जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात, आणि वर आलं काय तर ह्याचाच गळ. दोघांच्या दोऱ्यांचा नुसता गुंता. मोबाईलचा टॉर्च दातात धरून अर्धा तास सोडवत बसलो, शेवटी कापलीच. गांडूळ मात्र कोणीतरी सफाईने खाऊन गेलेलं.