सायकलला इंजिन जोडताना: आधी चेन सरळ, मग ताण

अमेरिकेत सायकलला लावायचं इंजिन खोक्यातून घरपोच येतं. ६६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन (जाहिरातीत ते ८० सीसी म्हणून विकतात), टाकी, कार्ब्युरेटर, सायलेन्सर, मागच्या चाकाचं ४४ दात्यांचं स्प्रॉकेट (दातेरी चक्र) आणि एक चेन. कायदा राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात ताकद ४ अश्वशक्तीच्या आत, सपाटीवर वेग ताशी ३० मैलांपर्यंत, शिवाय नंबर प्लेट आणि मोटारसायकलचा परवाना लागतो. जोडणी घरच्या गॅरेजात साध्या पान्ह्यांनी होते आणि इंजिनही सहसा लवकर सुरू होतं. जीव खाते ती चेन. पेडलची चेन उजवीकडे राहते, इंजिनची डावीकडून जाते. ती उतरून स्पोकमध्ये गेली की मागचं चाक जागच्या जागी जाम होतं, आणि चालत्या गाडीवर सावरायला वेळ मिळत नाही.

चेनच्या नंबरातच तिचं माप लिहिलेलं असतं. पहिला आकडा पिचचा, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधल्या अंतराचा, एक-अष्टमांश इंचात: ४ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. पुढचे दोन आकडे आतल्या रुंदीचे. ४१० ची रुंदी १/८ इंच, ४१५ ची ३/१६, ४२० ची १/४. खोक्यातलं स्प्रॉकेट ४१५ साठी कापलेलं असतं. त्यावर ४१० ही साधी सायकल-चेन बसतच नाही, दाते जाड पडतात. शेतीसामानाच्या दुकानात मिळणारी ४१ नंबरची चेन बसते, कारण पिच आणि रोलर (दाते ज्यावर बसतात ती कडीतली गोल नळी) तेच. पण ती रुंद असल्याने दात्यांवर डुलते आणि इंजिनच्या कव्हरला आतून घासू शकते. आपल्याकडच्या मोटारसायकलींवरची ४२८ चालत नाही. पिच सारखा असला तरी तिचा रोलर ८.५ मिलिमीटरचा, इथे लागतो सुमारे ७.८ चा. खोक्यातली चेन बाजूला ठेवून जाड पट्ट्यांची ४१५एच घ्यावी आणि चेनची टोकं जोडणारं चेनलॉकही चांगलं, वेगळं घ्यावं. इथे पैसे वाचवू नयेत.

मागचं स्प्रॉकेट हबला बसत नाही, ते थेट ३६ स्पोकना आवळायचं असतं: स्पोकच्या आत-बाहेर एकेक रबरी चकती, त्यातून ९ बोल्ट. सगळी गडबड इथे होते. आधी चाकाचाच आउट, म्हणजे फिरतानाची डगमग, काढून घ्या. मग बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा. एकाच बाजूचे आधी आवळले तर स्प्रॉकेट तिरकं बसतं, आणि वाजवीपेक्षा जास्त आवळले तर स्पोक वाकतात.

आता मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला एक केबल टाय बांधा आणि त्याचं टोक दात्यांच्या कडेला जेमतेम टेकेल असं कापा. चाक हळू फिरवा. टोक जिथे टिक् टिक् घासतं तिथे स्प्रॉकेट बाहेर आलेलं आहे. खडूने खूण करा, त्या बाजूचे बोल्ट पाव फेरा आवळा, समोरचे तेवढेच सैल करा. आडवा आउट १ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत हेच करत राहायचं. मग टाय दात्यांच्या डोक्यावर आणून वरखाली आउट बघा. बोल्ट किंचित सैल करून स्प्रॉकेट लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकलं की ते मध्यावर येतं. हे राहिलं तर चेन एका जागी ताठ आणि अर्ध्या फेऱ्यानंतर ढिली होते, आणि ढिली असतानाच ती उडी मारते.

स्प्रॉकेट सरळ झालं की रेषा. इंजिनवरच्या १० दात्यांच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढा आणि मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला दोन फुटी ॲल्युमिनियमची पट्टी टेकवून पुढे न्या. ती लहान स्प्रॉकेटच्या त्याच बाजूला सपाट टेकली पाहिजे. दोन्ही समांतर असूनही एक ३ मिलिमीटर आत असू शकतं, म्हणून पट्टीची दोन्ही टोकं तपासा. फरक मोठा असेल तर मागचं स्प्रॉकेट उलटून बसवा, त्याची खोलगट बाजू फिरते. थोडा असेल तर इंजिन सीटखालच्या नळीभोवती जरासं वळवा. जाड टायरला चेन घासत नाही ना, तेही आताच पाहा.

चेन घालताना स्पार्क प्लग काढा, क्लच दाबून अडकवून ठेवा आणि टोक लहान स्प्रॉकेटवरून हळू ओढा. क्लच सोडून ढकललं तर चेन आत गोळा होते आणि इंजिनचं आवरण फुटू शकतं. चेनलॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन जाते त्या दिशेला हवं.

ताण शक्यतो चाक मागे सरकवून द्यावा, कमी-जास्त पडल्यास अर्धी कडी (एकाच पिचची) घालावी. चेन एक्सलचं डावं टोक पुढे ओढते, त्यामुळे एक्सल आवळल्यावर रिम चिमट्याच्या दोन्ही बाजूंपासून सारखी आहे ना, ते मोजा. सर्वांत ताठ जागी चेन मधोमध १२-१३ मिलिमीटर हलली पाहिजे. खोक्यातला टेन्शनर (रोलरने चेन दाबून ताण देणारा भाग) चिमट्यावर नुसता आवळलेला असतो. तो फिरला की रोलर थेट स्पोकमध्ये जातो. वाकडी चेन सरळ करण्यासाठी तो कधीच वापरू नये. लावावाच लागला तर आवळणीखाली जुन्या ट्यूबचं रबर घाला आणि रोलर चेनच्या रेषेत आणा.

वेग हवा असेल तर ३६ दात्यांचं स्प्रॉकेट. २६ इंची चाकावर इंजिनच्या मिनिटाला ५,००० फेऱ्यांना ४४ दात्यांवर ताशी साधारण ३४ किलोमीटर मिळतात, ३६ वर ४२. चढावर मात्र दम लागतो. शिवाय चेनचे ४ पिच कमी करावे लागतात.

पहिल्या ३० किलोमीटरनंतर नऊही बोल्ट आणि ताण पुन्हा पाहा, रबर दबलेलं असतं. दात्याची एकच बाजू चकाकत असेल तर रेषा चुकलेली आहे, पट्टी पुन्हा काढा. चेन ताणून २४ पिच मोजा. नवीन असताना ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०८ झाले की चेन बदला.