मिडलबरोतलं बुटक्या खिडक्यांचं घर

सकाळी सहाला न्यू जर्सीतल्या एडिसनहून, आमच्या गावाहून, निघालो. नवरा म्हणत होता एवढ्या लांब चाललोच आहोत तर केप कॉडला जाऊ, समुद्र तरी बघू, पण मला मॅसॅच्युसेट्समधल्या मिडलबरो गावातलं एक घर बघायचं होतं आणि तेही रस्त्यावरूनच, कारण घर खाजगी मालकीचं आहे, उगाच कुणाच्या दारात जाऊन उभं राहणं मला पटत नाही.

हे घर चार्ल्स स्ट्रॅटन आणि लव्हिनिया वॉरन या नवरा-बायकोचं. चार्ल्सला सगळं जग 'जनरल टॉम थम्ब' म्हणून ओळखायचं, तो पी. टी. बार्नम या त्या काळच्या प्रसिद्ध शोवाल्याच्या शोमधला सगळ्यात मोठा स्टार. लग्नाच्या वेळी तो साधारण 35 इंचांचा, ती 32, म्हणजे दोघंही तीन फुटांच्या आतच. 10 फेब्रुवारी 1863 ला न्यूयॉर्कच्या ग्रेस चर्चमध्ये लग्न झालं, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तरी पेपर या लग्नाच्या बातम्यांनी भरलेले, आणि तीनच दिवसांनी लिंकनने दोघांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं.

मिडलबरो हे लव्हिनियाचं माहेर. आजूबाजूला सगळी क्रॅनबेरीची शेतं, सपाट, पाणी सोडायला बांध घातलेले, मला एकदम आपली भातखाचरं आठवली. प्लिमथ स्ट्रीटवर गाडी हळू केली आणि घर दिसलं, तर नवरा म्हणाला हे तर मोठंच घर आहे की! आहेच मोठं. कमाईच तेवढी होती त्यांची, मध्ये बार्नमचं दिवाळं निघालं तेव्हा त्याला सावरायला हाच चार्ल्स धावून गेला होता. पण नीट बघितलं की खिडक्या लक्षात येतात, पार खाली, जमिनीला टेकतायत असं वाटावं एवढ्या खाली. आत जिन्याच्या पायऱ्याही कमी उंचीच्या केलेल्या, फर्निचरही त्यांच्या मापाचं.

मी त्या खिडक्यांकडेच बघत बसले, आणि मला आत्या आठवली.

माझी आत्या साडेतीन फुटांची. आमच्या वाड्यात माडीच्या खिडकीला उंच कठडा, त्यामुळे गल्लीतून पालखी चालली असली तरी तिला आधी पाट आणावा लागायचा, तो ठेवायचा, वर चढायचं, तोवर पालखी पुढे गेलेली. एसटीच्या पहिल्या पायरीवर तर कंडक्टर सरळ काखेत हात घालून वर उचलून घ्यायचा, न विचारता. चांगल्या मनानेच करायचा, पण आत्या दुसऱ्या गावी पोचेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. चाळीशीची बाई होती ती तेव्हा.

लव्हिनियाने आठवणींमध्ये हेच लिहिलंय, की मी लहान मूल नाही, बाई आहे, हे लोकांना समजावणं अशक्य वाटायचं. स्टीफन डग्लस, लिंकनविरुद्ध निवडणूक लढवलेला एवढा मोठा नेता, तोही तिला बघून खाली वाकला आणि मुका घ्यायला गेला, ती मागे सरली. ही बाई वयाच्या सोळाव्या वर्षी याच गावात शाळेत शिकवत होती, वर्गातली मुलं तिच्याहून उंच! अशा माणसांना स्वतःचं घर बांधायची वेळ आली की खिडकी खाली घ्यावीशी वाटणारच ना, जगभर स्टेजवर, टेबलावर, कुणाच्या तळहातावर उभं राहून झालं, आता आपल्या घरात आपल्याच पायावर उभं राहून बाहेर बघू. त्या जगभरच्या दौऱ्यात, 1869 ते 1872, ते भारतातही येऊन गेले होते.

गावातल्या हिस्टॉरिकल म्युझियममध्ये त्यांचे कपडे आणि वस्तू आहेत, नक्की बघा, पण आठवड्यातले थोडेच दिवस उघडं असतं तेव्हा आधी चौकशी करून जा. कपड्यांची शिलाई इतकी नेटकी की काचेला नाक लावून उभी राहिले. मोठ्या माणसांचेच कपडे ते, मापाने लहान एवढंच.

जानेवारी 1883 मध्ये मिलवॉकीच्या न्यूहॉल हाउस हॉटेलला भयंकर आग लागली, सत्तरहून जास्त माणसं गेली, हे दोघं वाचले. पण त्याच वर्षी 15 जुलैला चार्ल्स इथे मिडलबरोतच गेला, वय फक्त 45.

परतीच्या वाटेवर कनेक्टिकटमधलं ब्रिजपोर्ट लागतं, चार्ल्सचं जन्मगाव, तिथल्या माउंटन ग्रोव्ह सिमेटरीत थांबलो. त्याच्या थडग्यावर उंचच उंच खांब आहे आणि वर त्याचा खऱ्या मापाचा पुतळा, मान वर करून बघावं लागतं. लव्हिनिया 1919 मध्ये गेली, मधे दुसरं लग्न केलेलं तरी तिला पुरलं याच्याच शेजारी. तिचा दगड साधा, त्यावर एवढंच कोरलंय, 'त्याची पत्नी'. नाव नाही! मला फार वाईट वाटलं, खरंच. शाळेत शिकवणारी, जग फिरलेली, स्वतःच्या आठवणी लिहिणारी बाई.

तिथूनच आत्याला व्हॉट्सॲपवर सगळे फोटो पाठवले, पुतळा, दगड, घर. भारतात मध्यरात्र झाली असणार, तरी जागी होती. रिप्लाय आला, "बाकीचं राहू दे, त्या खिडकीचा मोठा करून पाठव."