सांतियागोच्या वाटेवरची उघडी चर्चं

फ्रान्समधल्या सां-झाँ-प्ये-द-पोर गावातून निघायचं, पिरेनीज पर्वत ओलांडायचा आणि उत्तर स्पेन आडवा चालत सांतियागो दे कोम्पोस्तेला गाठायचं. ही कामिनो दे सांतियागो, म्हणजे ख्रिस्ती यात्रेकरूंची पायी वाट, साधारण 780 किलोमीटरची. पंढरीच्या वारीसारखी इथे दिंडी नसते की सामानाचा ट्रक मागून येत नाही. पाठीवर आपलंच ओझं आणि समोर पिवळे बाण. (हे बाण 1984 पासून ओ सेब्रेइरो गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी रंगवायला घेतले.) शक्य तिथे आम्ही मुक्काम चर्चच्याच आल्बेर्गेत, म्हणजे तिथल्या धर्मशाळेत केला.

आधी एक गैरसमज काढून टाकावा. वाटेवरची सगळी चर्चं दिवसभर उघडी नसतात. एकेका पाद्रीकडे चार-पाच गावं असतात, त्यामुळे मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेची, वेळ गावागावाला वेगळी. ती दारावरच्या कागदावर लिहिलेली असते. गावात शिरताच तो कागद वाचून घ्यायचा. किल्ली पुष्कळदा शेजारच्या घरी असते. आत अंधार असेल तर भिंतीवर नाणं टाकायची पेटी शोधा. एक युरो टाकला की वेदीमागचं कोरीव काम काही मिनिटं उजळतं. चपला-बूट काढायचे नाहीत, टोपी काढायची. काठ्यांच्या टोकांना रबर नसेल तर त्या दाराशीच ठेवाव्यात; दगडी फरशीवर त्यांचा खडखडाट फार होतो.

पांपलोनाच्या अलीकडे साबाल्दिका लागतं. मुख्य वाट सोडून थोडा उभा चढ चढावा लागतो, म्हणून बहुतेक जण ते टाळतात. अरुंद गोल जिन्याने वर जाऊन तिथली घंटा वाजवता येते. पाठपिशवी खाली ठेवूनच चढा, नाहीतर जिन्यात अडकाल.

मुक्कामासाठी ग्रान्योन. सांतो दोमिंगो दे ला काल्सादापासून जेमतेम 7 किलोमीटर. सांतो दोमिंगोच्या काथेद्रलमध्ये, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, जुन्या दंतकथेपायी ठेवलेले जिवंत कोंबडा-कोंबडी पाहायला तिकीट पडतं. ग्रान्योनच्या चर्चला लागूनच असलेल्या धर्मशाळेत तिकीट नाही. खाटाही नाहीत, जमिनीवर पातळ गाद्या. त्यामुळे नुसती रेशमी चादर पुरत नाही, स्लीपिंग बॅग हवी. सामान पसरण्याआधी गादीच्या शिवणी टॉर्चने तपासाव्यात. ढेकणाचे काळे ठिपके शिवणीतच दिसतात, आणि एकदा ढेकूण पिशवीत शिरला की पुढचे आठ मुक्काम तुमच्यासोबत चालतो. आरक्षण सहसा नसतं, आधी येईल त्याला जागा. रात्री दहाच्या सुमारास दार बंद आणि सकाळी आठच्या आत बाहेर.

स्वयंपाक सगळ्यांनी मिळून करायचा: कांदे चिरा, टेबल मांडा, भांडी घासा. शाकाहाऱ्यांनी भाजी चिरतानाच बोलावं. मसुराच्या आमटीत चोरिसो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज आधीच पडलेलं असतं. नुसतं ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, म्हणून भागत नाही. हॅम आणि मासे पुष्कळांच्या लेखी मांसात मोडतच नाहीत. ‘नी कार्ने, नी खामोन, नी पेस्कादो’ असं तिन्ही नावं घेऊन सांगायचं.

जेवणानंतर चर्चच्या माळ्यावर प्रार्थना होते. मेणबत्ती हातोहात फिरते. ज्याच्या हाती येईल त्याने आपल्या भाषेत चार शब्द बोलावेत किंवा गप्प राहून पुढे द्यावी. मराठीत बोललात तरी कुणी हरकत घेत नाही.

दारापाशी पेटी उघडी असते. जमेल ते ठेवा आणि गरज असेल ते घ्या, असं तिच्यावर लिहिलेलं. याला दोनातिवो म्हणतात, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात. दोनातिवो म्हणजे फुकट नव्हे. आजच्या पेटीतून उद्याच्या लोकांचा बाजारहाट होतो. बिछाना, रात्रीचं जेवण आणि न्याहारी धरली तर 20 ते 25 युरो रास्त वाटतात. खरंच अडचण असेल त्याने कमी द्यावं, त्याच्यासाठीच ही सोय आहे. महागडा कॅमेरा गळ्यात घालून दोन युरो टाकणाऱ्यांमुळे काही धर्मशाळांनी ठरावीक दर लावले तर नवल नाही.

कास्त्रोखेरिसनंतर मोस्तेलारेस टेकडीचा 12 टक्के चढ चढून पलीकडे उतरलात की पिसुएर्गा नदीच्या पुलाआधी सान निकोलास येतं. जुनं चर्च, आत मोजक्याच खाटा, जेवण मेणबत्त्यांच्या उजेडात. इटलीतल्या पेरुजाच्या बंधुसंघाचे स्वयंसेवक ते चालवतात आणि जेवणाआधी प्रत्येक यात्रेकरूचा पाय धुतात. फोड फुटलेला असेल तर तो पाय पुढे करू नका, दुसरा करा. हे ठिकाण फक्त उन्हाळ्याच्या मोसमात उघडं असतं.

कार्रियोनमध्ये ऑगस्टिनियन पंथाच्या नन्स गाणी म्हणतात, आशीर्वाद देतात आणि हातात कागदाची रंगीत चांदणी ठेवतात. त्या संध्याकाळीच पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. पुढे काल्सादिया दे ला कुएसापर्यंत 17 किलोमीटर सरळ, सपाट रस्ता आहे आणि मध्ये गाव नाही.

सार्रियापासून गर्दी वाढते. यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी शेवटच्या 100 किलोमीटरमध्ये क्रेदेन्सियालवर, म्हणजे यात्रेच्या पासावर, रोज दोन शिक्के लागतात. चर्चच्या टेबलावर शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते. गादी वाळलेली निघाली तर शिक्क्यावर तोंडाची वाफ मारायची.

सांतियागोच्या काथेद्रलमध्ये दुपारी 12 ला यात्रेकरूंची मिस्सा असते. इतके दिवस जी पिशवी प्रत्येक छोट्या चर्चमध्ये बाकाशेजारी टेकवली, ती इथे आत नेऊ देत नाहीत. ती लॉकरमध्ये टाकून बसायला जागा हवी तर तासभर आधी पोचावं लागतं.