वरच्या मजल्यावर

परवा दुपारी मी मटार सोलत होते (बारीक दाणे पातेल्यात पडत नाहीत, थेट तोंडात जातात, ही खोड माहेरची) आणि हा नातीला फोनवर आमची गोष्ट सांगत होता. “डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर तुझी आजी नि मी दांड्याला धरून उभे. फोर्टातून दादरपर्यंत! राणीबागेपाशी गुलमोहोराची फुललेली फांदी खिडकीतून सरळ आत...”

माझा हात थांबला.

बेस्टच्या डबलडेकरमध्ये वर उभं राहू देत नसत. बसायला जागा असेल तर वर, नाहीतर खालीच रेटारेटी करायची. वरचा कंडक्टर वेगळा, खालचा वेगळा. वरची जागा भरली की जिन्यातूनच परत पाठवायचे. पुढची, ड्रायव्हरच्या डोक्यावरची सीट मिळाली तर काय थाट! वारा इतका, की ऑफिसातून नीट घातलेली वेणी लालबाग येईतो सुटलेली. त्या सीटसाठी मी दोन-दोन बशी सोडल्या आहेत. १५ सप्टेंबर २०२३ला जुन्या लाल डबलडेकरची शेवटची फेरी अंधेरीत झाली, तेव्हा “चल, जाऊन येऊ” म्हटलं, तर याचा गुडघा आडवा आला. आता एसीवाल्या आल्यात. त्यांच्या काचा बंद. फांदीने यावं कुठून?

तर मुद्दा असा, की आम्ही खालीच उभे होतो. १९७९ साल. माझ्या पायावर कुणाचा तरी बूट, आणि याच्या छत्रीचं पाणी टपटप माझ्या साडीवर. नवी साडी होती, म्हणून तर पक्कं लक्षात आहे. आणि गुलमोहोर फुलतो मे महिन्यात. मे महिन्यात छत्री कोण घेऊन फिरतं?

फोन ठेवल्यावर मी एवढंच विचारलं, “मग वर कोण होतं रे तुझ्याबरोबर?”

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मटार गोड निघाले का गं?”

मी जिंकल्याच्या थाटात पुढची शेंग उचलली. तेवढ्यात सासूबाईंचं ते ठरलेलं वाक्य आठवलं, चारचौघांत सांगायच्या त्या. लग्न होईपर्यंत या मुलाने कधी छत्री म्हणून हातात धरली नाही, सगळे पावसाळे भिजत काढले.

मी म्हटलं, “गोड आहेत. घे.”