पूहॉनचा गुंता सुटला, आता ब्लांशिमाँ

मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिलं होतं की रेसिंग गेममधली माझी पोर्शे ९११ जीटी३ आर स्पा ट्रॅकच्या पूहॉन वळणाला मागून सुटते ती टायर प्रेशरमुळे. ते चुकलं. तीन आठवडे मी भलत्याच चाकाकडे बघत होतो.

लक्षण असं. एसीसी (असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने) या गेममध्ये स्पा, कोरडा ट्रॅक. पूहॉनच्या दुसऱ्या भागात गाडी छान बसलेली असते आणि एकाच झटक्यात मागून निसटते, सावरायला वेळच देत नाही. स्पावर उजवी वळणं जास्त, म्हणून डावे टायर जास्त तापतात. माझा मागचा डावा २७.४ पीएसआयपर्यंत चढायचा. कोल्ड प्रेशर (थंड टायरमधलं प्रेशर) थोडं थोडं उतरवत चारही चाकं २६.५ ते २६.८ मध्ये आणली, तापमान ८५ अंशांच्या आसपास ठेवलं. तरी निसटणं तसंच. पूहॉन हे डावं वळण आहे, तिथं भार उजव्या चाकांवर येतो, आणि मी डाव्या टायरची हवा मोजत बसलो होतो!

उत्तर मिळालं ते ऑटोनगरात, मामांच्या गॅरेजमध्ये. ते ट्रकच्या पाट्यांचं, म्हणजे लोखंडी स्प्रिंगांचं, काम करतात. रविवारी पावसानं करंट गेला, १४ लॅप्सचा स्टिंट (न थांबता चालवणं) बुडाला, म्हणून तिकडे जाऊन बसलो होतो. बोलता बोलता गाडीचं हे वागणं सांगितलं. हातातला पाना न ठेवता ते म्हणाले, "म्हणजे हेल्पर टेकायलाय की रे तिचा."

हेल्पर म्हणजे मुख्य पाट्यांच्या जोडीचे जादा पाटे. रिकाम्या ट्रकचे ते मोकळे असतात. माल भरला की ते टेकतात आणि मागची बाजू एकदम कडक होते. गाडीच्या बम्पस्टॉपचं, म्हणजे सस्पेन्शन फार दबलं की टेकणाऱ्या ठोकळ्याचं, कामही तेच. वळणात मागचं उजवं चाक बम्पस्टॉपवर टेकलं की मागचा रोल (बाजूला कलणं) एकदम ताठ होतो, सगळा भार त्या एका टायरवर जातो आणि पकड सुटते.

करंट रात्री आला. सेटअपमध्ये टेलिमेट्रीचे (गाडीच्या हालचालींच्या नोंदीचे) ५ लॅप्स ठेवून गाडी चालवली आणि त्या नोंदी रेघांत दाखवणारं मोटेक उघडलं. मागच्या उजव्याची सस्पेन्शन ट्रॅव्हलची रेघ पूहॉनमध्ये खाली जाते आणि पट्टीनं ओढल्यासारखी सपाट होते. बरोबर त्याच जागी स्टीअरिंगची रेघ उलटी वळलेली. मी ते चित्र कितीतरी वेळ बघत होतो.

मागची बम्पस्टॉप रेंज (टेकण्याआधीचं मोकळं अंतर) ६ क्लिक वाढवली, रेट (कडकपणा) एक पायरी खाली आणला. प्रेशरला हात लावला नाही. पुढचे ११ लॅप्स पूहॉनला गाडी एकदाही सुटली नाही. दुसऱ्या भागात ॲक्सिलरेटर पूर्वीपेक्षा लवकर देता येतो, आणि अकराच्या अकरा लॅप्स २:२० च्या आत. निपाणीच्या मित्राला तेवढ्या रात्री फोन केला.

ब्रेकिंगही आता एकसारखं होतंय. उद्यमबागेतून ८ मिमी प्लेट कापून पेडलखाली बसवली, रिग (सीट-पेडलची चौकट) वाकायची थांबली. नवीन येणाऱ्यांना माझं सांगणं कायम आहे: आधी लोडसेल पेडल (पायाचा दाब मोजणारं) घ्या, डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरवर बसवलेलं स्टीअरिंग) नंतर. फक्त केबल ऑनलाइन मागवताना पिना मोजून घ्या. मला चुकीची आली आणि परत करण्यात दोन आठवडे गेले.

आता नवीन दुखणं. बम्पस्टॉपचा आधार गेल्यामुळे वेगात मागची बाजू खाली बसते, रेक (मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच असणं) कमी होतो आणि पुढचं डाउनफोर्स (हवेचा खाली दाबणारा जोर) घटतं. स्पाच्याच ब्लांशिमाँ या वेगवान वळणाला गाडीचं नाक आत येत नाही. मागची राइड हाइट (जमिनीपासूनची उंची) ३ मिमी वाढवायची असं ठरवून लिहायला बसलो होतो. पण हे लिहितानाच वाटतंय की तो उपाय अर्धवट आहे, हळू वळणांत ती उंची नडेल. त्यापेक्षा मागचा व्हील रेट (स्प्रिंगचा कडकपणा) एक पायरी वाढवावा, म्हणजे वेगात गाडी उंच राहील आणि टेकणारही नाही. त्यानं वाढणारा रोलचा ताठपणा मागच्या अँटी-रोल बारचे (कलणं रोखणाऱ्या दांड्याचे) दोन क्लिक सोडून भरून काढायचा. मामांच्या भाषेत, हेल्परवर विसंबायचं नाही, मूळ पाटाच जाड घालायचा.

राइड हाइट आज राहू दे. आधी हाच बदल, ६२ लिटर इंधनासह, १० लॅप्स, आणि सोबत मागच्या दोन्ही बम्पस्टॉपच्या रेघा.