बाबांच्या क्वालिसला दुसरा फिल्टर

बाबांची क्वालिस 2003 ची. 2018 ला पासिंग वाढवून घेतलं, 2023 ला पुन्हा. दोन्ही वेळेस घरात एकच प्रश्न निघाला, आता विकायची का? आई दोन्ही वेळेस नाही म्हणाली. परळी, औंढा, वेरूळ, माहूर, तुळजापूर सगळं ह्याच गाडीत झालंय. बाबा गेल्यापासून गाडी मीच चालवते, आणि शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे तिच्याखाली काय चाललंय ते समजून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

गेल्या वर्षी नाथषष्ठीला आई, दोन मावश्या आणि शेजारच्या काकूंना घेऊन अंबाजोगाईहून पैठणला गेले होते. येताना गेवराईजवळ मावशीच्या शेतात मुक्काम केला. सकाळी लवकर निघायचं होतं, काटा तळाला आला होता. मावसभाऊ म्हणाला, "ताई, पंपावर कशाला थांबतेस, बॅरलमधलं घे." दोन कॅन ओतले. बीड ओलांडेपर्यंत गाडी नीट होती. मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलो आणि पिकअपच जाईना. तिसऱ्या गिअरवर झटके, दुसऱ्यावर झटके. उभी केली तर मात्र इंजिन शांतपणे चालू. म्हणजे आयडलपुरतं डिझेल पोचत होतं, लोडवर लागतं तेवढं पोचत नव्हतं. घाटात पुढे रेटण्यात अर्थ नव्हता. जागा बघून गाडी वळवली आणि हळूहळू बीडला परत आले.

तिथल्या पंप-नोझलवाल्या चाचांनी काही न विचारता पाण्याची एक प्लास्टिकची बाटली मधोमध कापली आणि फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून तिच्यात धरली. ती बाटली अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. वर पिवळसर डिझेल, खाली गढूळ पाणी, आणि दोघांच्या मध्ये काळपट, बुळबुळीत पदर. बाटली हलवली की तो पदर शेवाळासारखा हलायचा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी तळाला, हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गात ग्लास घेऊन दाखवते. चाचा म्हणाले, "ताई, फिल्टर चोंदला म्हणून गाडी अडली. पाणी पुढं गेलं असतं तर पंप गेला असता."

ते खरंच होतं. ह्या गाडीच्या रोटरी पंपाला, म्हणजे दाबाने इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाला, वेगळं ऑइल नसतं, आतलं सगळं वंगण डिझेलचंच. प्लंजर म्हणजे आतला दट्ट्या, आणि तो ज्या नळीत सरकतो ती, ह्यांच्यामधली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. तिथे पाणी शिरलं की वंगण तुटतं, गंज धरतो, आणि एकदा ओरखडा पडला की पंप पूर्ववत होत नाही.

म्हणून घरी आल्यावर ठरवलं, मूळ फिल्टरच्या आधी एक वॉटर सेपरेटर, डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा, बसवायचा. जुन्या टाटा ट्रकला दोन फिल्टर एकामागे एक असायचे, एक कापडी, एक कागदी. त्यामागचा विचार हाच, जाड कचरा आधी अडवावा, बारीक नंतर. मोंढ्यातल्या ट्रॅक्टर पार्टच्या दुकानात पारदर्शक वाटीचा, खाली तोटी असलेला सेपरेटर मिळाला. ब्रॅकेट, पाइप, क्लिपा सगळं धरून 1,850 रुपये लागले.

दुकानदार त्याच्या आत बसणारा काट्रिज, म्हणजे गाळणी, बारीक जाळीचा देत होता, "जास्त गाळतो" म्हणून. मी 30 मायक्रॉनचाच घेतला. हे नीट समजून घ्यायला हवं. क्वालिसला टाकीपाशी डिझेल ढकलणारा पंप नाही. इंजिनवरचा पंपच टाकीपासून डिझेल ओढून घेतो, म्हणजे सगळी लाइन ओढीवर चालते. तिच्यात आधीच बारीक फिल्टर घातला की ओढ वाढते, आणि पंप डिझेलऐवजी जिथे फट मिळेल तिथून हवा ओढतो. बारीक गाळायला मूळचा फिल्टर आहेच.

सेपरेटर बॉनेटखाली आतल्या पत्र्याला बसवला, एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डपासून हातभर लांब, तोटीखाली बाटली धरता येईल एवढ्या उंचीवर. बाणाची दिशा दोनदा तपासली. जोडाला टेफ्लॉनची टेप लावू दिली नाही, तिचा तुकडा सुटून पंपाकडे गेला तर सगळ्या खटाटोपावर पाणी. नवे तांब्याचे वायसर घातले. मग मूळ फिल्टरवरचा हातपंप मारत लाइनमध्ये अडकलेली हवा काढली. आधी तो मऊ लागतो, डिझेल भरत आलं की हाताला घट्ट लागायला लागतो. सैल केलेल्या नटातून बुडबुडे थांबून सलग धार आली तेव्हा नट आवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तिसऱ्या सेल्फला चालू झाली. एरवी एकात होते. आई बाहेर येऊन म्हणाली, "खाली तर काही सांडलेलं नाही." सांडणारच नाही. ओढीच्या लाइनला फट असली की गाडी चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडला तेव्हा मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग जाताना दिसले. मूळ निपलवर, म्हणजे पाइप चढवायच्या तोंडावर, गंजाचं कडं होतं, त्यावर नवा पाइप नीट बसत नव्हता. बारीक पॉलिश पेपरने ते घासलं, क्लिप परत आवळली, बुडबुडे गेले. पारदर्शक पाइप काढून टाकला, इंजिनच्या उष्णतेने तो कडक होऊन तडकतो.

आता महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, रात्रभर उभ्या गाडीची तोटी सोडते. तोटी उघडली की हवा आत जाते, म्हणून नंतर हातपंप मारावाच लागतो. डिकीत जादा काट्रिज आणि बारा नंबरचा पाना असतो.

बॅरलचा उलगडा मात्र नंतर झाला. दोनशे लिटरचं ते बॅरल गोठ्यामागे वर्षभर उघड्यावर उभं होतं. पावसाचं पाणी झाकणावरच्या कडेत साचायचं. दिवसा बॅरल तापलं की आतली हवा बाहेर, रात्री गार झालं की बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत. मावसभावाचा आधी विश्वास बसेना, "बूच तर घट्ट आहे ताई." त्याला शेतातच बादलीत ओतून दाखवलं. आता बॅरल पत्र्याच्या शेडखाली आडवं आहे, दोन्ही बुचं डिझेलखाली राहतील असं.

यंदा षष्ठीला पैठणला पोचल्यावर वाळवंटाकडे जायच्या आधी तोटी सोडली. बाटलीत चमचाभरही पाणी नव्हतं. आईने बाटली माझ्या हातातून घेतली, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितली, आणि मग चप्पल घालून दर्शनाला निघाली.